प्रकाशगडास पत्र: २०३० चा आराखडा आमच्या डीपीपर्यंत येऊ द्या

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक व संचालक मंडळ,
महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी मर्यादित (महावितरण),
प्रकाशगड, वांद्रे (पूर्व), मुंबई.

प्रत माहितीसाठी: मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, कफ परेड, मुंबई.

विषय: प्रत्येक फीडरचा व डीपीचा वार्षिक कागद २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवण्याबाबत.

महोदय,

मी राहुरी तालुक्यातला शेतकरी. त्याआधी तीसेक वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. आपल्या दप्तरी माझे दोन ग्राहक क्रमांक आहेत, एक घरचा आणि एक विहिरीवरचा. हे पत्र तक्रारीचे नाही. लाईट गेली, बिल फुगले, मीटर पळतो, असले काही यात सापडणार नाही. त्यासाठी आपला टोल फ्री नंबर आहे, ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत. माझे मागणे एका कागदाचे आहे. तो कागद का हवा हे सांगायला मात्र थोडे मागे जावे लागेल, आणि मास्तर एकदा मागे गेला की लवकर परत येत नाही. तेवढे सांभाळून घ्यावे.

आपण २०३० सालाची तयारी करत आहात, हे आम्ही पेपरात वाचतो. आपल्या क्षेत्रातली कमाल मागणी २५ हजार मेगावॉटच्या आसपास पोचली आहे. पुढच्या वर्षांत किती वीज लागेल आणि ती कुठून येईल याची तरतूद आधीच दाखवा, असे नियम आयोगाने २०२४ मध्ये केले. २०३० पर्यंत निम्म्याहून जास्त वीज सूर्य, वारा अशा स्रोतांतून घेण्याचा आपला संकल्प आहे. शेतीचे सगळे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून डीपीपर्यंत येणाऱ्या वाहिन्या, दिवसा सौर विजेवर चालावेत म्हणून १६ हजार मेगावॉटचे काम काढले आहे. एवढ्या मोठ्या उडीचे मला कौतुक आहे, आणि ते वरवरचे नाही. पण मेगावॉट हा शब्द आमच्या गावात येत नाही. आमच्याकडे विजेचे माप डीपी. कागदोपत्री तुम्ही त्याला रोहित्र म्हणता. इकडे जमीन विकत घेणारा माणूस आधी विहिरीचे पाणी बघतो आणि लगेच विचारतो, ‘कुठल्या डीपीवर आहे? तिच्यावर मोटारी किती?’ आमचा आराखडा तेवढाच.

तेव्हा थोडे डीपीबद्दल. आपले इंजिनियर हे जाणतात, पण संचालक मंडळात हिशेब आणि कायदा जाणणारी माणसेही असतील, त्यांच्यासाठी लिहितो. शेतातली डीपी साधारण ६३ किंवा १०० केव्हीएची असते. १०० केव्हीएच्या डीपीवर ढोबळमानाने शंभर एचपीच्या मोटारी चालाव्यात. कागदावर तेवढ्याच असतात. प्रत्यक्षात पाण्याची पातळी खाली गेली की माणूस तीनची मोटार काढून पाचची टाकतो, पाचची काढून साडेसातची टाकतो, आणि नोंद जुनीच राहते. हे मी दुसऱ्याच्या पदरात टाकत नाही. माझ्या स्वतःच्या विहिरीवर चार वर्षे पाचच्या नोंदीवर साडेसातची मोटार चालली. शेवटी लाजेखातर जाऊन भार वाढवून घेतला. लाज वाटली ती नियमामुळे नव्हे. डीपी जळाली तेव्हा शेजारच्याच्या कांद्याचे पाणी चुकले, आणि तो मला काहीच बोलला नाही.

दुसरी गोष्ट ऑटोस्विचची. थ्री फेज कधी येईल याचा भरवसा नसतो म्हणून शेतकरी मोटारीला ऑटोस्विच लावतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, माणूस घरी झोपलेला. एकाने लावला तर ठीक. वीस जणांनी लावला की लाईट येताक्षणी वीस मोटारी एकदम उठतात, आणि उठताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मग डिओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडतो. डिओ जाड तारेने बांधला असेल तर डिओ वाचतो आणि डीपी जळते. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन आपण दरवर्षी करता. ते पेपरात छापून येते, आणि त्याच पेपरात मिरची गुंडाळून गडी शेतावर जातो.

आवाहन वाया का जाते याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते राज्याला उद्देशून असते, म्हणून वाया जाते. ‘शेतकरी बांधवांनी’ म्हटले की त्यात मी नसतो. ‘माळवाडीच्या डीपीची ताकद शंभर, तिच्यावर नोंदलेल्या मोटारी ९५ एचपीच्या, आणि गेल्या जानेवारीत तिने ओढलेला भार १४० चा’ असा कागद चावडीवर लागला तर त्यात मी असतो, माझा चुलतभाऊ असतो, आणि पंचेचाळीस एचपी कुणाचे हे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळते. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. खरे आकडे आपल्याकडे आहेत, आमच्याकडे नाहीत. पत्राचा मुद्दा तोच आहे.)

आता उलट बाजू. आम्हाला जे ठाऊक आहे ते आपल्यापर्यंत पोचत नाही. आमच्या भागात मुळा धरण आहे, वरच्या अंगाला भंडारदरा आहे. कालव्याला आवर्तन कधी सुटायचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. आवर्तन सुटले की पाझराने विहिरी वर येतात आणि ज्या मोटारी दोन तास चालत होत्या त्या आठ तास चालू लागतात. म्हणजे आमच्या फीडरवरचा भार कधी चढणार, हे पाटबंधारे खात्याच्या एका बैठकीत महिनाभर आधी ठरलेले असते. त्या बैठकीचा कागद आपल्या उपकेंद्रात जातो का? जात असेल तर उत्तमच. नसेल तर पाठवायला एक टपाल पुरे.

तीच गत पिकांची. ज्या साली कांद्याला भाव लागतो त्याच्या पुढच्या साली लागवड वाढते, हे इथल्या शेंबड्या पोराला कळते. कारखाना वेळेवर सुरू होणार नाही अशी कुणकुण लागली की उभ्या उसाला आणखी दोन पाण्यांची तरतूद करावी लागते. गावात दूध संकलन केंद्राने नवा बल्क कूलर घेतला, कुणी पोल्ट्री टाकली, घरोघर पाणी तापवायला गिझर आले, हे सगळे ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर आधी कळते आणि आपल्या मीटरवर नंतर. तुमच्याकडे मोजलेला भूतकाळ आहे आणि आमच्याकडे अदमासाने का होईना, पण येणारा हंगाम आहे. दोन्ही एका टेबलावर कधी येत नाहीत.

वरून केलेला अंदाज चुकला की काय होते, हे या राज्याने पाहिले आहे. १९९२ साली एन्रॉनशी दाभोळच्या प्रकल्पाचा समझोता झाला तेव्हा स्पर्धेच्या निविदा नव्हत्या, आणि एवढी वीज राज्याला खरोखर लागेल का यावर उघड चर्चाही नव्हती. १९९५ मध्ये करार रद्द झाला, मग वाटाघाटी होऊन पुन्हा उभा राहिला. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला. दोन वर्षांत त्या विजेचा दर काही महिने युनिटला सात रुपयांच्या वर गेला. तो काळ आठवा, तेव्हा सात रुपयांत बरेच काही येत होते. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये या व्यवहाराची चिरफाड केली, त्याच साली राज्य वीज मंडळाने, म्हणजे महावितरणच्या आधीच्या संस्थेने, वीज घेणे थांबवले, आणि वर्ष सरता सरता अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे निघाले. मंडळाची घडी मात्र विस्कटली ती विस्कटलीच.

पुढे काटा दुसऱ्या टोकाला गेला. नवी वीज उभी राहिली नाही, मागणी वाढत गेली, आणि २००५ पासूनची सात-आठ वर्षे भारनियमनात गेली. त्यानंतर इतके करार झाले की काही वेळा तयार वीज न घेताच नुसता स्थिर आकार भरावा लागला. दोन्ही चुकांचे पैसे अखेर ग्राहकाच्या बिलातून गेले. आज आपण पुन्हा मोठे करार करता आहात, या वेळी सूर्याचे, साठवणुकीचे, पाणी वर चढवून ठेवण्याच्या प्रकल्पांचे. ते चुकतीलच असे मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे एवढेच की अंदाज तपासायला तीन कोटी ग्राहक बसले आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही. आयोगाच्या जनसुनावण्या होतात, मान्य. पण त्या मोठ्या शहरांत, शेकडो पानांच्या याचिकेवर. माझ्यासारखा माणूस ती याचिका उघडतो आणि तिसऱ्या तक्त्याशी मिटतो.

भारनियमनाचा विषय निघालाच आहे तर एक विचित्र गोष्ट सांगतो. त्या काळात वीज कमी होती, पण विजेची माहिती भरपूर होती! गळती किती आणि वसुली किती यावरून आपण फीडरचे ए पासून जी पर्यंत गट पाडले होते. जी मध्ये पुन्हा जी-१, जी-२, जी-३. कुठल्या गटाला किती तास अंधार हे ठरलेले. आमच्या शाळेतल्या चौथीच्या पोरांना स्वतःचा गट पाठ असायचा. वेळापत्रक पिठाच्या गिरणीवर चिकटवलेले असे आणि लग्नाच्या मुहूर्ताआधी लोक ते बघून येत. या पद्धतीवर आक्षेपही होते, आणि ते खरे होते: तारांवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यापायी त्याच फीडरवरचा इमानदार बिल भरणारा भरडला जायचा. पण गावाला आपला फीडर कोणता, त्याची गळती किती, वसुली किती, आणि ती सुधारली तर काय पदरात पडेल, हे माहीत होते. भारनियमन गेले, त्याचा आनंदच आहे. त्याबरोबर ती माहितीही गेली. आज गावातल्या दहा जणांना विचारले की आपल्या फीडरवर गळती किती, तर अकरा उत्तरे येतील.

त्याच सुमाराला आपलीच अक्षय प्रकाश योजना होती. आजच्या साहेबांपैकी किती जणांना ती आठवते कोण जाणे. साधी बोली होती. संध्याकाळी मागणी शिगेला असते त्या वेळात गावाने मोटारी, गिरण्या, शेगड्या बंद ठेवायच्या, तारांवरचे आकडे उतरवायचे, आणि त्या बदल्यात घरातले दिवे आणि पंखे चालू राहायचे. लक्ष ठेवायचे ते गावानेच. त्यात पोलिस नव्हता की दंड नव्हता. शेजारच्याने मोटार सुरू केली तर आपल्या घरातला दिवा जाणार, हे दिसत होते आणि तेवढे पुरत होते. पुढे गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे झाले आणि या योजनेची गरज उरली नाही. पण तिच्यातला धडा गावठाण फीडरबरोबर निकालात निघू नये. हिशेब डोळ्यांसमोर असला तर गाव शिस्त पाळते.

कुणी म्हणेल, मग गावालाच कारभार द्या. तेही आम्ही करून बघितले आहे. श्रीरामपूर, राहुरी आणि आसपासच्या पट्ट्यात मुळा-प्रवरा विद्युत सहकारी संस्था चाळीसेक वर्षे वीज वाटत होती. देशात ग्रामीण वीज सहकाराचे जे पहिले प्रयोग झाले त्यांतला हा एक. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सभासदांना द्यायची. सहकारी संस्था म्हटल्यावर वार्षिक सभा आली, अहवाल आला, उभे राहून प्रश्न विचारणारे सभासद आले. आणि तरीही तिची थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेली. संस्थेचे म्हणणे होते की आमच्याकडे शेतीपंप जास्त, त्यांचा दर कमी, त्या मानाने घाऊक वीज आम्हाला महाग पडते. समोरच्यांचे म्हणणे होते की गळती आणि वसुली सांभाळली नाही. दोन्हीत तथ्य होते असे मला आजही वाटते. २०११ च्या फेब्रुवारीपासून हा भाग आपल्याकडे आला. यावरून मी एक शिकलो: मालकी कुणाची यापेक्षा हिशेब कुठे मांडला जातो याला जास्त वजन आहे. श्रीरामपूरला मांडलेला हिशेब माझ्या डीपीपर्यंत आला नव्हता आणि वांद्र्याला मांडलेलाही येत नाही.

आता सौरचे. इथे मला थोडे रेंगाळू द्या, कारण पुढच्या पाच वर्षांचा सगळा खेळ तिथेच आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. तिचा अगदी सुरुवातीचा प्रकल्प आमच्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीला झाला. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. कल्पना मला मनापासून पटते. पंपाला बॅटरी लागत नाही. पाणी जमिनीत मुरले की साठवण झालीच. ऊन असताना मोटार चालवा, ऊन गेले की घरी या. उपकेंद्राच्या जवळच वीज तयार होऊन तिथल्याच फीडरला मिळाली तर लांबून आणताना होणारी गळतीही वाचते. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, हे तर वेगळेच. आणि रात्रीची पाळी संपते. ती पाळी म्हणजे काय हे मुंबईत समजावून सांगणे अवघड आहे. आमच्याकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. बॅटरी, काठी आणि मोबाईलवर मोठ्याने भजन लावून माणूस बारे मोडायला, म्हणजे पिकाचे पाणी वळवायला, जातो. घरची बाई तो परत येईपर्यंत जागी असते. दिवसा पाणी मिळालेल्या गावातल्या सुना आमच्याकडच्या मुलींना ते आवर्जून सांगतात. आता सोयरीक बघताना मुलीकडचे विचारतात, ‘तुमचा फीडर सौरवर आला का?’ आपल्या योजनेचा याहून मोठा गौरव कुठल्या अहवालात छापता येणार नाही.

पण याच योजनेत गावाशी बोलण्याची सगळ्यात जास्त गरज आहे. प्रकल्पाला जागा लागते. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी थोडी वाढ, हे शेतकऱ्याला समजते. सरकारी जमीन म्हणजे बहुतेक गावांत गायरान. त्या गायरानावर गावातल्या सात-आठ भूमिहीन घरांच्या शेळ्या चरतात, दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे येऊन उतरतात. ग्रामपंचायतीला अनुदान मिळते, रस्ता होतो, शाळेला रंग लागतो. चांगले आहे. पण शेळीवाल्या बाईला रंगाचे काय? तिचा प्रश्न ग्रामसभेत आधी आला तर जागा थोडी सरकवता येते, चराईला एक पट्टा सोडता येतो, पॅनेलखालचे गवत कापून न्यायची मुभा देता येते. नंतर आला की मोर्चा निघतो, कोर्टात जातो, आणि मग वरचे लोक म्हणतात की गावाला विकास नको आहे.

दुसरे, घड्याळ उलटे होत आहे हे लोकांना कुणी सांगितलेले नाही. जन्मभर आम्ही ऐकले की रात्री वीज उरते, म्हणून रात्री स्वस्त. याच हिशेबावर आमच्या अकोले तालुक्यात घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. उरलेल्या विजेवर पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. आता सूर्यामुळे वीज दुपारी उरणार आणि तंगी संध्याकाळी पडणार. आयोगाने २०२५ च्या आदेशात सवलत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेला दिली. घरगुती ग्राहकालाही, त्याच्याकडे नवा स्मार्ट मीटर असेल तर, युनिटला ८० पैशांपासून सूट सुरू झाली. ही मोठी बातमी आहे. पिठाची गिरणी, पाणी तापवणे, दूध थंड करणे, ग्रामपंचायतीची पाणीयोजना, सगळे दुपारी सरकवता येईल. पण गावात नव्या मीटरची चर्चा झाली ती फक्त ‘बसवू द्यायचा की नाही’ एवढीच. २०२४ मध्ये प्रीपेडवरून एवढे रान उठले की सरकारला सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असे जाहीर करावे लागले. मीटर आधी आला आणि समजावणे मागून, मग संशय आला तर नवल काय?

आणखी एक गोष्ट जरा जपून लिहितो. बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या चव्वेचाळीस लाख पंपांचे बिल २०२९ च्या मार्चपर्यंत सरकार भरणार आहे. त्यात माझा पंपही आहे. मला ते हवेच आहे, खोटे कशाला बोलू? पण बिल दुसरा भरू लागला की माणूस ग्राहक राहत नाही, लाभार्थी होतो. लाभार्थ्याने विचारायचे नसते, अशी आपली एक रीत पडली आहे. शिवाय मीटरचा आकडा कुणी बघेनासा होतो. शेतीने खरोखर किती वीज वापरली आणि शेतीच्या नावावर किती गळती झाकली, हा वाद ग्राहक संघटना वर्षानुवर्षे घालत आल्या आहेत. डीपीवर मीटर असेल आणि त्याचा आकडा गावापुढे असेल तर हा वाद निदान आमच्या गावापुरता एका दिवसात मिटेल. आमची चोरी असेल तर तीही दिसेल. दिसू द्या.

म्हणून आता तो कागद.

राज्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. पाऊस सरत आलेला असतो, रब्बी उभी राहायची असते, धरणात पाणी किती आहे हे कळलेले असते. वर्षाच्या चार ठरलेल्या सभांपैकी विजेसाठी हीच सभा खरी. तिच्यापुढे आपल्या शाखा अभियंत्याने एक कागद ठेवावा. एकच, दोन्ही बाजूंनी छापलेला, मराठीत. आपल्या परिपत्रकातले मराठी नको, आपला लाईनमन बोलतो ते.

त्यावर गावाच्या प्रत्येक डीपीचे नाव हवे. क्रमांक नको, नाव: माळवाडी, खंडोबा, पाटलाचा मळा. तिची ताकद, तिच्यावर नोंदलेला भार, गेल्या वर्षी तिने ओढलेला सर्वांत जास्त भार आणि ती किती वेळा जळाली. मग फीडरचे: किती वीज आत आली, किती युनिटचे बिल झाले, वर्षात किती वेळा आणि किती तास पुरवठा बंद होता. त्याखाली येत्या वर्षात काय करणार. नवी डीपी कुठे, तारा कुठल्या ओढून घेणार, झाडे कुठली छाटणार, उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर वाढणार की नाही, सौरची जोडणी कधी. ज्याला पैसे मंजूर नाहीत त्यापुढे ‘मंजूर नाही’ असे लिहा. आम्ही चिडू, पण नंतर. न लिहिल्याने जास्त चिडतो.

कागदाची मागची बाजू कोरी ठेवा. ती गावाने भरायची. कांद्याचे क्षेत्र किती वाढेल, नव्या विहिरी किती, कुठे कूलर येतोय, कुठल्या डीपीवरच्या मोटारी नोंदीपेक्षा मोठ्या आहेत आणि त्यांतले किती जण भार वाढवून घ्यायला तयार आहेत. ती बाजू साहेबांनी परत न्यायची, आणि पुढच्या वर्षी तिच्यातले काय खरे ठरले तेही वाचून दाखवायचे. आमचा अंदाज फसला तर आमचीही फजिती होऊ द्या.

यावर आपले म्हणणे काय असेल ते मला अंदाजाने ठाऊक आहे. पहिले, एवढी माहिती गोळा कोण करणार? महोदय, ती गोळा झालेली आहे. फीडरला मीटर आहेत, डीपीला मीटर बसवण्याचे काम केंद्राच्या योजनेतून चालू आहे, आणि पुरवठा किती वेळा खंडित झाला याची नोंद आयोगाला द्यावी लागते. प्रश्न फक्त छापण्याचा आहे. दुसरे, सभेत भांडणे होतील. होतील. आमच्या ग्रामसभेत गटारीवरूनही होतात. ज्या वर्षी भांडण होत नाही त्या वर्षी कोरमच भरलेला नसतो. तिसरे, शाखा अभियंत्याकडे आधीच कामाचा डोंगर आहे. हे मात्र खरे आहे, आणि याचे उत्तर माझ्याकडे नाही, आपल्याकडे आहे. रिकाम्या जागा भरा. एका माणसाकडे चार-पाच गावे दिली तर तो धावपळ करील, योजना करणार नाही.

ज्याला आपण जनमित्र म्हणता आणि आम्ही लाईनमन किंवा नुसते वायरमन भाऊ म्हणतो, त्याच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पत्र संपवता येणार नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगड किनाऱ्यावर हजारो खांब आडवे केले, तेव्हा राज्यभरातून पथके तिकडे गेली. कोरोनाचे दिवस, राहायला जागा नाही, चिखलात खांब खांद्यावर वाहून न्यायचे. पुढच्या वर्षी तौक्ते, मग जुलैत चिपळूण-महाडचा पूर. प्रत्येक वेळी तेच. माझा एक जुना विद्यार्थी असाच खांबावर चढणारा आहे. तो म्हणतो, ‘सर, वादळात काम करायला काही वाटत नाही. सगळे बघतात, चहा देतात. खरी भीती साध्या दिवसाची वाटते. खाली कुणाचा तरी जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटा करंट मारतो आणि आपण समजतो लाईन बंद आहे.’ कागदावर एक ओळ त्याच्यासाठीही ठेवा: गावात जनरेटर कुणाकडे आहेत आणि त्यांना चेंजओव्हर स्विच बसवला आहे की नाही. ही यादी गाव पाच मिनिटांत देईल.

सगळ्या राज्यात एकदम करा असे मी म्हणत नाही. एक तालुका घ्या. आमचा घ्या. इथे कालवा आहे, ऊस आहे, बिबट्या आहे, सहकाराचा अनुभव आहे, आणि शिकवून शिकवून पिकलेला एक मास्तर फुकट मिळेल. कागद वाचून दाखवायचे काम मी करीन. आकडे समजावून सांगण्यात माझी हयात गेली आहे.

आमची ग्रामसभा मारुतीच्या मंदिरासमोरच्या पारावर भरते. तिथे भिंतीवर एक जुना फळा आहे. एके काळी त्याच्यावर भारनियमनाच्या वेळा लिहिलेल्या असायच्या, आणि चौकोन आखलेल्या पांढऱ्या रेघा ऊन कलले की अजून दिसतात.

आपला,
एक ग्राहक,
तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर